मेलाकातल्या एका पेरानाकान संग्रहालयाची ओळख घडवताना

मलेशियातल्या मेलाका या जुन्या बंदरात एक छोटं खासगी पेरानाकान (बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांच्या, तिथेच रुजलेल्या मिश्र वंशजांचं) संग्रहालय आहे, त्याच्या ब्रँड आयडेंटिटीचं काम मी २०२३ च्या सुरुवातीला घेतलं. लोगो, रंग, अक्षरं, दारावरची पाटी, तिकीट, पिशव्या, माहितीफलक, सगळंच. ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र यंदा मार्चमध्ये आलं आणि काम एकदाचं हातावेगळं झालं. सुरुवातीला मी बरीच शोधाशोध केली होती, की असं काम कुणी कसं केलं हे कुठे लिहिलेलं सापडतंय का. तयार लोगोंचे देखणे फोटो ढिगाने मिळाले. पण कुठला कागद कुठे द्यायचा, घरातल्यांचं आपसांत पटेना तर काय करायचं, पैसे कधी मागायचे, हे कुणी लिहीत नाही. म्हणून हा प्रपंच. संग्रहालय एका कुटुंबाचं आहे आणि त्यांना नाव यायला नको आहे, तेव्हा ते टाळून लिहिते.

मी मूळची पुण्याची, शिक्षण मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयातलं, आणि गेली काही वर्षं क्वालालंपूरला असते. माझं नेहमीचं काम पॅकेजिंगचं. बिस्किटं, सॉस, डिटर्जंट. संग्रहालयाचा अनुभव शून्य. पण घरातला एक पुतण्या (व्यवसायाने अकाउंटंट) माझ्या एका क्लायंटचा मित्र निघाला आणि त्याने २०२२ च्या डिसेंबरात फोन केला.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या बंदरांत व्यापारासाठी आलेले चिनी, मुख्यतः होक्किएन (फुजियान प्रांताकडचे), लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिले, स्थानिक घरांशी सोयरिकी झाल्या, आणि त्यातून बाबा-न्योन्या समाज उभा राहिला. पुरुष बाबा, बायका न्योन्या. घरात पूर्वजांचा देव्हारा चिनी, बोली मलय वळणाची, बायकांच्या अंगात सारोंग-केबाया (लुंगीसारखं वस्त्र आणि वर झिरझिरीत जाकीट), ताटात सांबल, म्हणजे मिरचीची चटणी. पण पेरानाकान म्हणजे एवढेच लोक नव्हेत. मेलाकातच चिट्टी आहेत: तमिळ मुळाचे, मलय बोलणारे, आणि आजही हिंदू. त्यांचं पोय्याथा विनायगर मंदिर १७८१ चं आहे. पिनांग आणि सिंगापूरकडे जावी पेरानाकान, म्हणजे भारतीय-मलय मुळाचे मुस्लिम. त्यांनी १८७६ मध्ये सिंगापुरात त्याच नावाचं मलय वर्तमानपत्र काढलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे आमचं घोडं बरोबर इथेच अडलं.

२०२३ च्या जानेवारीत पहिली भेट ठरली आणि लगेच लांबली. २२ जानेवारीला चिनी नववर्ष होतं, आणि त्यानंतर पंधराव्या दिवशीच्या चाप गो मेहपर्यंत घरातलं कुणीही कामाचं बोलणार नव्हतं. या मंडळींबरोबर काम करायचं असेल तर पहिल्याच दिवशी चांद्र पंचांग घेऊन बसा. नववर्ष, एप्रिलमधलं थडगी साफ करायचं चेंग बेंग, आणि पितर-भुतांचा मानला जाणारा सातवा चांद्र महिना, हे तीन कालखंड वेळापत्रकातून आधीच वजा करा. मी ते करारातच लिहून घेतलं, त्यामुळे पुढे कुणाला कुणाकडे तोंड वाकडं करावं लागलं नाही.

फी ठरली ४२,००० रिंगिट, तेव्हाच्या दराने पावणेआठ लाख रुपयांच्या आसपास. ४० टक्के आगाऊ, ३० टक्के संकल्पना मंजूर झाल्यावर, ३० टक्के फायली सोपवल्यावर. छपाई, पाटी, फाँटचे परवाने आणि सरकारी शुल्क त्यांच्या खिशातून. एक कलम मी आग्रहाने घातलं: मंजुरी द्यायला घरातली एकच व्यक्ती, आणि तिचं नाव करारात. मालकी सात चुलत भावंडांची आहे. पुतण्या म्हणाला, "आमच्यात असं चालत नाही, सगळे मिळून ठरवतो." मी म्हटलं, सगळे मिळून जरूर ठरवा, पण मला निरोप एकानेच द्या. ते पटलं. नाव लागलं त्याच्या मोठ्या आत्याचं. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं इंग्रजी आणि मलय यांची मिसळ. मला पहिल्या दिवसापासून "गर्ल" म्हणायच्या. मी त्यांना आंटी.

फेब्रुवारी-मार्च नुसतं बघण्यात घालवले, आणि ते दिवस कोटेशनमध्ये धरले होते. नवख्या डिझायनरांनी हे जरूर करावं, नाहीतर बघण्याचा काळ स्वतःच्या पदरचा जातो.

सिंगापूरचं पेरानाकान म्युझियम चार वर्षं बंद राहून नेमकं १७ फेब्रुवारी २०२३ ला पुन्हा उघडलं होतं. आर्मेनियन स्ट्रीटवरची ती इमारत १९१२ ची, पूर्वीची ताओ नान शाळा. तिथे चिट्टी आणि जावी पेरानाकानांना बाबांच्या बरोबरीने मांडलेलं बघून माझ्या डोक्यातली बरीच गृहीतकं हलली. नील रोडवरचं बाबा हाउस बघायला आधी नाव नोंदवावं लागतं. ते नोंदवाच, कारण तिथे वस्तू काचेआड नाहीत, घर घरासारखंच लावलेलं आहे. पिनांगला जॉर्ज टाउनमधला हिरवा पिनांग पेरानाकान मॅन्शन पाहिला. थाट डोळे दिपवणारा. गंमत म्हणजे तो वाडा बांधणारा कापितान (चिनी समाजाचा नेमलेला मुखिया) चुंग केंग क्वी स्वतः बाबा नव्हताच, चीनमधून आलेला, हक्का या वेगळ्या चिनी गटातला होता. आणि मेलाकात तर जुन्या हीरेन स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या जालान तुन तान चेंग लॉकवर, बाबा अँड न्योन्या हेरिटेज म्युझियम १९८० च्या दशकापासून आहेच. रस्ता ज्यांच्या नावाचा, ते तान चेंग लॉक मलेशियन चायनीज असोसिएशन या पक्षाचे पहिले अध्यक्ष, तेही बाबाच.

क्वालालंपूरहून मेलाकाला जायचं तर टीबीएस या मोठ्या बसस्थानकातून बस घ्या. दोन-अडीच तास, तिकीट दहा-पंधरा रिंगिट. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी जोंकर स्ट्रीटचा बाजार भरतो, तेव्हा गाडी घेऊन त्या भागात शिरायच्या भानगडीत पडू नका. मी कामाच्या भेटी मंगळवार-बुधवारी ठेवायचे. मधल्या रिकाम्या वेळात सेंट पॉल टेकडीवर जाऊन बसायचे. तिथल्या पडक्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये काही महिने पुरलेला होता आणि तिथून तो गोव्याला नेला. अल्बुकर्कने १५१० ला गोवा घेतलं आणि १५११ ला मेलाका. गोव्याच्या माणसाला हे गाव अगदीच परकं वाटू नये.

एवढं फिरल्यावर एक गोष्ट लख्ख झाली. पेरानाकान म्हटलं की प्रत्येक डिझायनर फुलाफुलांच्या टाइल्स आणि गुलाबी-फिरोजी रंग काढतो. बिस्किटांचे डबे, हॉटेलांची मेन्यूकार्डं, फोनची कव्हरं, सगळीकडे त्याच टाइल्स. त्या टाइल्स इंग्लंड-बेल्जियमहून आणि पुढे जपानहून आयात होत. सुंदर आहेत, घराच्या ओसरीवर शोभतात, पण त्या पैशाने विकत घेतलेल्या होत्या. घरातल्या कुणाचा हात त्यांना लागलेला नव्हता. शिवाय आता त्या इतक्या ठिकाणी आहेत की त्यावरून कुणाचीच ओळख पटत नाही. केबायाचंही थोडं तसंच. जगातल्या निम्म्या लोकांना तो विमानातून ठाऊक आहे, कारण फ्रेंच फॅशन डिझायनर पिएर बालमाँने १९६८ मध्ये तेव्हाच्या मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्ससाठी सारोंग-केबायाचा गणवेश केला आणि सिंगापूर एअरलाइन्सने तो पुढे चालवला. मी पुतण्याला एका ओळीत कळवलं: टाइल नाही, केबाया घातलेली बाई नाही. त्याचं उत्तर आलं, "मग उरलं काय?"

उरलेलं शोधायला चेंग बेंग उरकल्यावर, एप्रिलच्या मध्यापासून, घरात बसायला सुरुवात केली. घर अरुंद तोंडाचं आणि आत लांबच लांब, मध्ये आकाशाला उघडा चौक. आंटी एकेक कपाट उघडायच्या आणि मी फोटो काढायचे. परवानगीचा फॉर्म मी आधीच करून नेला होता: कुठला फोटो फक्त संदर्भासाठी, कुठला छापायला चालेल, कुठला मुळीच नको. प्रत्येक वस्तूपुढे तीन चौकोन. पूर्वजांच्या पाट्या आणि देव्हारा यांच्यापुढे आंटींनी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि विषय संपला. हा साधा फॉर्म पुढे फार उपयोगी पडला. कुणी भावंड "हा फोटो कुठून आला?" म्हणून विचारी, तेव्हा कागदच दाखवायचा.

न्योन्या भांड्यांवर मी लट्टू झाले. चीनच्या जिंगदेझेनमध्ये खास या समाजासाठी बनलेली ती रंगीत पोर्सलेन: फिनिक्स पक्षी, पिओनीची फुलं, आणि गुलाबी, पोपटी, पिवळा असे रंग शेजारी शेजारी, बिनधास्त. त्यातल्या गुलाबीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यामुळे त्याची झाक काही वेगळीच. कामचेंग म्हणून झाकणाचं भांडं असतं, झाकणावर मुठीला सिंह. तो गुलाबी घ्यायचा असं मनात पक्कं करूनच मी आंटींना रंगांबद्दल विचारलं, आणि दोन दुपारी फक्त रंगांवर गेल्या.

गुलाबी, लाल म्हणजे लग्न, वाढदिवस, बाळाला महिना पूर्ण होणं. निळी-पांढरी भांडी पूर्वजांच्या पूजेला आणि सुतकात. सुतक चालू असेपर्यंत न्योन्या भडक रंग घालत नसत, निळा-पांढरा चाले. सोन्याऐवजी चांदी आणि हिऱ्यांऐवजी मोती, कारण मोती म्हणजे अश्रू. मी विचारलं, मग नील रोडवरचं बाबा हाउस निळंभोर कसं? आंटी म्हणाल्या, "भिंत म्हणजे भिंत, गर्ल. भिंत कुठे रडते?" म्हणजे नियम आहेत, पण ते कुठे लागू हे घरातल्या माणसालाच ठाऊक. इंटरनेटवरून उतरवलेल्या "पेरानाकान रंगसंगती" मध्ये निळा, गुलाबी, हिरवा, सगळे हारीने बसलेले असतात. कुठला कधीचा, हे त्यात कुठेच नसतं. आम्ही ठरवलं की मुख्य रंग गुलाबी ठेवायचा नाही, कारण संग्रहालय म्हणजे कायमचं लग्नघर नव्हे. मुख्य रंग घेतला दारांच्या जुन्या लाकडाचा गडद तपकिरी, आणि प्रसंगानुसार बदलणारे दोन संच केले. सणासुदीच्या कार्यक्रमांना गुलाबी-पोपटी, आणि पूर्वज, मृत्यू, स्मरण असे विषय असलेल्या प्रदर्शनांना निळा-पांढरा. रंगांच्या पानावर हे कारणासकट लिहिलं आहे, म्हणजे उद्या नवा डिझायनर आला तरी तो नुसत्या हौसेने निळ्यावर लाल फासणार नाही.

खऱ्या अर्थाने मार्ग सापडला तो जूनमध्ये. आंटींनी मला मेलाकातल्या एका मणीकाम करणाऱ्या बाईंकडे नेलं. कासुत मानेक म्हणजे मण्यांच्या सपाता. लाकडी चौकटीवर, तिला पिदांगान म्हणतात, कापड ताणून बसवलेलं. शेजारी आलेख कागदावर रंगवलेलं गुलाबाचं चित्र, एक चौकोन म्हणजे एक मणी. बाईंनी सुईच्या टोकावर मणी उचलला. काच, मोहरीपेक्षाही लहान, एका बाजूला घासून पैलू पाडलेला, त्यामुळे बोट हललं की चमक हलायची. टाका घातला, सुई मागे नेली, पुढचा मणी. मी आलेख कागद आणि कापड शेजारी शेजारी धरून पाहिले तर कागदावरचा गुलाब गोल होता आणि कापडावरचा किंचित बसका. का? कारण मणी जितका रुंद असतो तितका उंच नसतो. कागदाचा चौकोन समभुज, मण्याची जागा तशी नसते. मुरलेल्या बायका हे मनात धरून चित्रात वरखाली एखादी ओळ जास्त घालतात, असं बाईंनी हात न थांबवता सांगितलं. एका जोडाला कित्येक आठवडे, आणि किंमत हजार रिंगिटच्या पुढे सहज जाते.

मी मोजपट्टी काढून मण्यांच्या ओळी मोजल्या. आडव्या एका इंचात जितके बसतात त्यापेक्षा उभे जास्त. ते गुणोत्तर घेऊन क्वालालंपूरला आले आणि त्याच मापाची जाळी आखून तिच्यावर अक्षरं बसवली. अक्षरं किंचित रुंद, बसकी झाली, आणि पहिल्यांदाच ती या घरातली वाटली. मणी बाहेरून आले, युरोपातून, पण त्यांचं जे काही केलं ते घरातल्या बायकांच्या बोटांनी. टाइल आणि मणी यांत मला हवा होता तो फरक हाच.

जुलैत सादरीकरण. माझ्याकडे एकच संकल्पना होती. तीन पर्याय दाखवायची पद्धत मला पटत नाही, कारण माणसं मग तिघांतलं थोडं थोडं मागतात. खोलीत पाच भावंडं, दोन व्हिडिओवर. मण्यांच्या जाळीवरचं नाव सगळ्यांना आवडलं. पण सोबतचं चिन्ह होतं सपातेच्या पुढच्या भागाच्या आकाराचं, आणि ते पडद्यावर येताच एक काका म्हणाले, "जोडा दारावर? देव्हारा समोर आहे." खोली गप्प. पायात घालायची वस्तू पूर्वजांच्या डोक्यावर टांगायची नाही, हे आपल्याकडेही कुणाला समजवावं लागणार नाही. आंटींनीच वाट काढली. मणीकाम काही फक्त सपातांवर नव्हतं. लग्नाच्या पलंगाच्या झालरी, उशांची टोकं, कमरपट्टे, सगळ्यांवर होतं. सिंगापूरच्या म्युझियममध्ये दहा लाखांहून जास्त मण्यांचा एक टेबलक्लॉथ आहे, तो मी बघून आलेच होते. चिन्ह काढून टाकलं. नुसती जाळी आणि अक्षरं ठेवली. लोगो हलका झाला आणि सुधारला.

दुसरा वाद मोठा. नावात "पेरानाकान" असावं का? एका बहिणीचं म्हणणं, पर्यटक तोच शब्द शोधतात. दुसरीचं, आपल्या घरात एकही चिट्टी वस्तू नाही, जावी पेरानाकानांचं काही नाही. मग सगळ्यांच्या वतीने बोलायचा आपल्याला काय अधिकार? दोघींचं बरोबर होतं. हे भिजत घोंगडं दीड महिना पडलं. डिझायनरने अशा वेळी मत द्यावं की नाही यावर मतभेद असतील; मी दिलं. घराचं जुनं नाव मोठं, आणि खाली लहान ओळीत बाबा-न्योन्या कुटुंबाचं संग्रहालय. पेरानाकान हा शब्द वेबसाइटच्या वर्णनात, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. आणि आतल्या पहिल्याच फलकावर चिट्टी आणि जावी पेरानाकान यांच्याबद्दल दोन परिच्छेद, गाजाह बेरांग भागातल्या कांपुंग चिट्टीला कसं जायचं यासकट. ते मान्य झालं.

मध्येच १६ ऑगस्टला सातवा चांद्र महिना लागला. या काळात पाटी लावणं, नवं काही सुरू करणं नाही. मी तेव्हा फाँटचं काम उरकलं. चिनी फाँटचे व्यापारी परवाने महाग पडतात, आणि वेब व छपाईचे वेगवेगळे घ्यावे लागतात. आम्ही 'नोटो' या फाँटसमूहातला मुक्त परवान्याचा फाँट घेतला. शून्य खर्च, आणि मलय, इंग्रजी, चिनी, तमिळ या चारही भाषांचं काम भागतं. दारावरच्या जुन्या कोरीव फलकावरची चिनी अक्षरं पारंपरिक रूपातली आणि उजवीकडून डावीकडे वाचायची आहेत, तर मलेशियातल्या चिनी शाळांत आज सोपी केलेली लिपी शिकवतात. जुना फलक जसाच्या तसा ठेवला, माहितीफलक सोप्या लिपीत. मजकूर तपासायला चिनी, मलय आणि तमिळ जाणणारी तीन वेगवेगळी माणसं पैसे देऊन घ्या. फुकट तपासणाऱ्या नातेवाइकाला तारीख पाळायला सांगता येत नाही.

आता कागदपत्रं. मलेशियात दुकान, कार्यालय, संग्रहालय, कशाचीही पाटी लावायला स्थानिक पालिकेचा परवाना लागतो, आणि पाटीवर मलय भाषा ठळक हवी. त्यासाठी पाटीचा मजकूर देवान बहासा दान पुस्ताका या भाषासंस्थेकडून तपासून घ्यायचा आणि ते पत्र पालिकेच्या अर्जाला जोडायचं. म्हणून मी लोगो पहिल्यापासून मलय नावावरच बांधला होता: "मुझियम" हा शब्द वर आणि मोठा, इंग्रजी आणि चिनी खाली आणि लहान. इंग्रजी लोगो आधी करून मलय मागाहून चिकटवलेल्या पाट्या गावात खूप दिसतात, आणि त्या चिकटवल्यासारख्याच दिसतात. मेलाकाचा जुना भाग जॉर्ज टाउनबरोबर जुलै २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे पाटीचं माप, जागा, प्रकाश आणि ती भिंतीला कशी धरणार, याचं मोजमापांसह रेखाचित्र द्यावं लागलं. आम्ही आतून पेटणारी पेटी टाळली. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात भोकं न पाडता लाकडी तुळईला धरलेली लाकडी पाटी, वरून साधा दिवा. सप्टेंबरअखेर अर्ज गेला. मग वाट पाहणं. दर सोमवारी पुतण्या फोन करायचा आणि मला निरोप द्यायचा: अजून टेबलावरच आहे. परवाना हातात यायला डिसेंबर उजाडला. तो दरवर्षी नवा करावा लागतो. तारीख कॅलेंडरमध्ये घालून ठेवा.

नोव्हेंबरात ट्रेडमार्क. मायआयपीओकडे (मलेशियाचं बौद्धिक संपदा कार्यालय) ऑनलाइन अर्ज, मंजूर यादीतली वर्णनं निवडली तर प्रत्येक वर्गाला ९५० रिंगिट, स्वतःच्या शब्दांत वर्णन लिहिलं तर १,१००. आम्ही वर्ग ४१ (संग्रहालय सेवा) आणि वर्ग १६ (छापील वस्तू) घेतले, १,९०० रिंगिट. "संग्रहालय", "बाबा-न्योन्या" असे वर्णनात्मक शब्द कुणाच्या मालकीचे होत नाहीत. संरक्षण मिळतं ते घराचं नाव आणि त्या विशिष्ट अक्षररचनेला. फिनिक्स-पिओनीवर हक्क सांगता येईल का, असं एका भावंडाने विचारलं होतं. नाही, आणि सांगूही नये. तो सगळ्यांचा आहे. अर्ज तपासून झाला की प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी दोन महिने असतात. आम्हाला हरकत आली नाही, तरी सगळं मिळून वर्षाहून बराच जास्त काळ गेला. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं टिकते.

पाटी कोरणारे कारागीर मेलाकातच मिळाले, सोन्याचा वर्ख धरून ६,५०० रिंगिट. मण्यांची जाळी लाकडात कोरायची म्हणजे शेकडो छोटे खळगे. कारागिरांनी माझी फाइल पाहिली आणि म्हणाले, इतके बारीक खळगे पावसात धूळ धरतील. जाळी पाटीपुरती दीडपट मोठी केली. छापील रंगांचंही असंच. भांड्यावरचा गुलाबी चार रंगांच्या छपाईत मळकट येतो, म्हणून तिकिटावर तो स्वतंत्र पाचवी शाई म्हणून छापला; खर्च वाढला, पण दुसरा इलाज नव्हता. नमुने स्टुडिओच्या दिव्याखाली पाहू नका. आम्ही ते घराच्या चौकात दुपारी आणि मग आतल्या अंधाऱ्या खोलीत पाहिले, आणि तपकिरी रंग आतल्या खोलीपायी एक छटा उजळ केला.

उद्‌घाटन २४ फेब्रुवारी २०२४ ला, चाप गो मेहच्या दिवशी. पूर्वी त्या रात्री बाबा मंडळी दोंदांग सायांग, म्हणजे सवालजवाबाची मलय प्रेमगीतं, गात रस्त्याने फिरत. या गाण्याला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत जागा मिळाली. घरात पेंगात केलं होतं: नारळाच्या दुधात केळी, रताळी, अळकुड्या. भाषणं कमी झाली, खाणं भरपूर. मी कोपऱ्यात उभी राहून लोक तिकीट कुठे फाडतात ते बघत होते. टोकाला फाडायची रेघ आखली होती तरी बरेच जण मधूनच दुमडत होते. पुढच्या छपाईत रेघ मध्ये घेतली.

शेवटचा हप्ता यायला एप्रिल गेला, कारण फायली सोपवणे म्हणजे नेमकं काय यावर चर्चा झाली. तुम्ही करारात फायलींची यादीच जोडा: कुठला फॉर्मॅट, कुठली लिपी, कुठला रंगसंच. मार्गदर्शक पुस्तिका मी चोवीस पानांत आवरली. त्यातलं सर्वांत वापरलं गेलेलं पान रंगांचं आणि सर्वांत दुर्लक्षित पान समासांचं, हे मला पुतण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून दर आठवड्याला कळतं.

सध्या नवा विषय निघालाय. आंटींना स्वतःचा सांबल बाटलीत भरून संग्रहालयाच्या दुकानात विकायचा आहे. तो वर्ग ३०, म्हणजे पुन्हा अर्ज आणि पुन्हा ९५० रिंगिट, शिवाय लेबलवरचा मजकूर मलयमध्ये हवा. मी कोटेशन पाठवलंय. आंटींचं म्हणणं, सांबलला कसली फी, दोन बाटल्या घेऊन जा.